लातूरच्या घरातली लाकडी फरशी: वरची खोली झाली, खालची बैठक राहिली

घर लातूरच्या जुन्या वस्तीतलं, दुमजली, १९९३च्या भूकंपानंतर पाडून नव्याने बांधलेलं. मालक मार्केट यार्डात आडत चालवतात. मुलाचं लग्न मार्गशीर्षात धरलेलं. मे महिन्यात त्यांनी आम्हा लाकडी फरशी बसवणाऱ्यांना बोलावलं ते दोन खोल्यांसाठी: खालची बैठक १८ बाय १४ फूट आणि वरची मुलाची खोली १४ बाय १२. दोन्हीकडे इंजिनिअर्ड लाकडाची फरशी हवी आणि पावसाच्या आत हवी. "आत्ता सगळं कोरडं खडंग हाय, उरकून टाका," असा त्यांचा हिशोब. ऐकायला बिनतोड. प्रत्यक्षात वरची खोली नोव्हेंबरात झाली आणि बैठकीत लाकूड बसलंच नाही.

मुलगा पुण्यात नोकरीला. त्याने तिथल्या एका दुकानातून नमुन्याच्या दोन फळ्या आणल्या होत्या, ‘इंजिनिअर्ड’ म्हणूनच दिलेल्या. वरून ओक. कापलेली कड उजेडात धरली तर आत सलग तपकिरी एचडीएफ, म्हणजे दाबलेला लाकडी लगदा, आणि वर कागदाएवढा थर. दोन फळ्या शेजारी ठेवल्यावर गाठ दोन्हीकडे अगदी एकाच जागी निघाली. झाडाला अशा गाठी येत नाहीत, छापखान्यातून येतात. ते लॅमिनेट होतं. लॅमिनेट वाईट असतं असं नाही, भाड्याच्या फ्लॅटला मी स्वतः तेच सुचवतो. पण ते त्याच्या किमतीत घ्यावं. खऱ्या इंजिनिअर्ड फळीची कड पाहिली की वर खऱ्या लाकडाचा थर दिसतो, आम्ही नंतर घेतलेल्या १४ मिमी फळीत तो ३ मिमी होता, आणि खाली एकमेकांवर आडवे-उभे चिकटवलेले प्लायचे थर. लाकूड ओल पिऊन फुगतं ते रेषेच्या आडव्या दिशेने; लांबीत जवळजवळ हलत नाही. एक थर आडवा फुगायला गेला की त्याला चिकटलेला दुसरा थर लांबीने त्याला धरून ठेवतो. इंजिनिअर्ड लाकडाची सगळी करामत एवढीच.

"मग सरळ सागवानी फळ्याच का नको?" असं मालकांनी विचारलंच. सागवान शहाणं लाकूड आहे, फारसं हलत नाही. पण सलग सागवानाच्या पट्ट्या टाकायच्या तर खाली बॅटन, उंची दोन इंचांच्या घरात, सगळी दारं कापायची, जागेवर घासून पॉलिश करायचं आणि लग्नघरात महिनाभर भुसा. तो विषय तिथेच संपला.

बाकी ओलीचं गणित त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. सोयाबीन घेताना रोज मीटर लावणारा माणूस. सरकारी खरेदीचा १२ टक्क्यांचा नियम त्यांच्या तोंडात बसलेला. लाकडालाही तशीच टक्क्यांत मोजायची ओल असते, म्हटल्यावर ते दुकानातून स्वतःचा मीटर घेऊन आले. तो दाण्यासाठीचा, फळीला चालत नाही. लाकडाचा सुया टोचायचा मीटर वेगळा. पण मुद्दा पोहोचला होता.

तो मुद्दा असा. लाकूड आजूबाजूच्या हवेशी सतत देवाणघेवाण करतं. लातुरात मे महिन्यात दुपारी हवेची सापेक्ष आर्द्रता २५ टक्के किंवा त्याखाली उतरते. अशा हवेत बरेच दिवस पडून राहिलेलं लाकूड ५ टक्क्यांच्या आसपास ओलीवर येऊन थांबतं. ऑगस्टात आर्द्रता ८० च्या घरात गेली की तेच लाकूड १५ च्या पुढे जायला बघतं. मेमध्ये फरशी टाकली म्हणजे लाकूड सगळ्यात आकसलेलं असताना आपण ते खोलीत कोंडलं. आषाढ-श्रावणात ते फुगणार आणि जागा नसली तर मधोमध उचलणार. उलट ऑगस्टात टाकली तर पुढच्या उन्हाळ्यात फटी पडणार. पावसाआधीचा कोरडा सीझन रंगकामाला उत्तम, लाकडी फरशीला अडचणीचा. दिवाळीनंतरचे दिवस बरे. हवा तेव्हा साधारण मधोमध असते आणि लाकूड दोन्हीकडे थोडं थोडं सरकू शकतं. बहुतेक कंपन्या ३५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान आर्द्रता असलेली खोली मागतात, आणि आपल्याकडे फार कटकट न करता ती मिळते ती याच दिवसांत.

लग्न मार्गशीर्षात, म्हणजे नोव्हेंबर त्यांना चालण्यासारखा होता. तारीख पुढे गेली. खालच्या खोलीची भानगड मात्र वेगळीच निघाली.

बैठक

बैठकीत शहाबादी फरशी. गुलबर्ग्याकडच्या शहाबादचा हा चुनखडीचा दगड मराठवाड्यात घरोघर आहे आणि नीट ठेवला तर पिढ्या काढतो. खाली काँक्रीटचा कोबा नाही. मुरमाचा भराव, त्यावर चुना-सिमेंटचा थर आणि त्यावर फरशी. भरावाखाली काळी माती. ही माती पाणी प्यायली की फुगते, आटली की भेगाळते, त्यामुळे फरशीच्या दोन-तीन ओळी मधल्या दाराकडे बशीसारख्या बसल्या होत्या. ते दुरुस्त करता आलं असतं.

ओल पाहायला आम्ही सगळ्यात स्वस्त चाचणी करतो. दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिकचा पारदर्शक तुकडा, चारही कडा टेपने पक्क्या चिकटवायच्या, आणि कमीत कमी १६ तास हात लावायचा नाही. दगड घट्ट असतो, ओल वर येते ती सांध्यांतून. म्हणून प्लास्टिक लावताना चार फरशा जिथे मिळतात तो चौक मधोमध घ्यायचा. नुसत्या एका फरशीवर लावलं तर निकाल फसवा येतो. बैठकीत चार ठिकाणी लावलं. दुसऱ्या दिवशी तीन तुकडे कोरडे. चौथा, उत्तरेच्या भिंतीजवळचा, आतून घामेजलेला आणि खालचे सांधे काळपट पडलेले. बाहेर ४१ अंश.

"बोअर आटायलंय अन् तुम्ही ओल म्हणायलाव!" मालक हसले. प्लास्टिक काढून बोट फिरवल्यावर हसणं थांबलं.

त्या भिंतीच्या पलीकडे, पोर्चखाली, पाण्याचा हौद. २०१६च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्यानंतर यांनी तो खोदून १०,००० लिटरचा केला. वाढवताना त्याची एक बाजू थेट घराच्या जोत्याला जाऊन भिडली. आतून साधा सिमेंट गिलावा, वॉटरप्रूफिंग नाही. आम्ही हौद भरून घेतला, आत येणारं आणि वर चढणारं पाणी बंद केलं, भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली, झाकण लावलं. चोवीस तासांनी पाणी रेघेच्या दोन बोटं खाली. झाकलेल्या हौदातून एवढी वाफ होत नाही. पाणी कुठेतरी जात होतं, आणि भरावाला ते पुरेसं होतं.

आता इथे एक मोह असतो. पॉलिथिन टाका, वर फोम टाका, वर लाकूड. ओल खालीच राहील. पावसाळी ओलीबद्दल हा युक्तिवाद एकवेळ ऐकता येईल, कारण ती येते आणि जाते. हौदाची ओल बाराही महिने असते. पॉलिथिनखाली कोंडलेलं पाणी कडेकडेने भिंतीत चढतं, गिलाव्याला पोपडे येतात, आणि जिथे टेप सुटला किंवा खिळा लागला तिथून ते फळीच्या पोटाला पोहोचतं. वरचा पृष्ठभाग कोरडा आणि पोट ओलं असलं की फळीच्या कडा वर उचलतात आणि मध्ये पन्हाळी पडते. एकदा अशी वाकली की फळी पुन्हा पूर्ण सरळ होईलच असं नाही.

त्यात बैठकीच्या दाराच्या चौकटीला, मागच्या बाजूने, वाळवीच्या मातीच्या बारीक नळ्या सापडल्या. वाळवीला ओल आणि लाकूड दोन्ही लागतं. आपण तिला ओल दिलेलीच होती. भिंत आणि फरशीच्या सांध्यात भोकं पाडून औषध भरायची पद्धत आहे, आयएस ६३१३ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात ती जुन्या इमारतींसाठी दिली आहे, आणि ते काम आम्ही करूनच घेतलं. पण औषध हा ओलीवरचा इलाज नव्हे.

तरीही मालकांचं मन बैठकीतच अडकलं होतं. पाहुणे बसणार खाली, वर कोण येऊन बघतंय? हा पेच शेवटी त्यांच्या आईंनी सोडवला. महालक्ष्म्या कुठे बसवायच्या, एवढंच त्यांनी विचारलं. भाद्रपदात याच बैठकीत महालक्ष्म्या उभ्या राहतात, तीन दिवस समया, तेल, हळद-कुंकू, आणि आधी-नंतर बादल्या ओतून खोली धुतली जाते. फरशीला ढाळ त्यासाठीच दिलेला होता, दाराबाहेरच्या मोरीकडे. लाकडी फरशीवर बादली ओतता येत नाही, हे मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग तुमचं लाकूड वरीच न्या, बाबा."

बैठकीतल्या बसलेल्या ओळी काढून भराव पुन्हा ठोकून बसवला, शहाबादी मशीनने घासून गुळगुळीत करून घेतली. आमच्या बिलातला मोठा आकडा गेला. घासल्यावर दगडाचा निळसर-करडा रंग असा वर आला की मुलाने नंतर त्याचेच फोटो जास्त काढले.

वरची खोली

वर आरसीसी स्लॅब, त्यावर २ बाय २ च्या व्हिट्रिफाइड टाइल्स. खाली माती नाही, त्यामुळे जमिनीतली ओल नाही. टाइल काढायची गरज नव्हती, पण ती घट्ट हवी. सगळ्या टाइल्स लाकडी दांड्याने ठोकत गेलो. बाल्कनीच्या बाजूच्या तीन पोकळ वाजल्या. त्या उचलून पुन्हा चिकटवल्या.

मग सपाटी. ढाळ असला तरी लाकडी फरशी चालते. तिला चालत नाहीत ते उंचवटे आणि खड्डे. दोन मीटरची अॅल्युमिनियमची सरळ पट्टी जमिनीवर सगळ्या दिशांना फिरवायची आणि खाली ३ मिमीपेक्षा जास्त उजेड दिसता कामा नये. दोन टाइल्सचे ओठ वर आले होते, ते ग्राइंडरने उतरवले. बाल्कनीच्या दाराशी ६ मिमीचा खोलगट भाग निघाला. सुतार म्हणाला, तेवढ्या जागेत फोम दुहेरी टाकू. हा जुगाड मी फार पाहिला आहे. दुहेरी फोम पायाखाली दबतो, प्रत्येक पावलाला सांधा खाली-वर होतो आणि फळ्या एकमेकांत अडकवणाऱ्या क्लिकची नाजूक जीभ काही महिन्यांत तुटते. टाइलवर प्रायमर मारून सेल्फ-लेव्हलिंग, म्हणजे आपोआप सपाट पसरणारं सिमेंट ओतलं आणि पूर्ण वाळू दिलं.

बाथरूमच्या दारात उंबरा नव्हताच. टाइलपासून २५ मिमी वर येईल अशी ग्रॅनाइटची पट्टी बसवली; लाकूड आणि फोम मिळून १६ मिमी, म्हणजे उंबरा ९ मिमी वर राहतो आणि ओल्या पायांचं पाणी थेट लाकडावर येत नाही. खोलीचं दार खालून २० मिमी कापलं. सागवानी चौकट मात्र कधी फळीच्या आकारात कोरायची नाही, उलट चौकटीचा पाय कापायचा: फळीचा तुकडा आणि फोम जमिनीवर ठेवायचा, त्यावर करवत आडवी टेकवायची आणि तेवढ्याच उंचीवर चौकट कापायची. फळी मग खालून सरकते आणि सांधा दिसत नाही.

फळ्या १९०० मिमी लांब, १९० रुंद, एका पेटीत सहा, म्हणजे २३ चौरस फुटांच्या वर थोडं. खोली १६८ चौरस फूट, त्यावर १० टक्के तूट धरून १८५. आठ पेट्या पुरत होत्या, नऊ घेतल्या. नववीबद्दल पुढे. पेट्या त्याच खोलीत, जमिनीवर आडव्या बॅटनवर, भिंतीपासून सुटवून तीन दिवस ठेवल्या. उभ्या टेकवून ठेवल्या तर फळी तिथेच वाकते. पेटी उघडायची की नाही, यावर कंपन्यांचं एकमत नाही; पेटीतल्या कागदावर लिहिलेलं असेल ते करावं, वॉरंटी त्याच कागदावर चालते. टाकायच्या सकाळी खोलीत आर्द्रता ४८ टक्के आणि फळीत ओल ९. मालकांनी आकडा स्वतः वाचला आणि "माल पास" म्हणाले.

खरं कसब आदल्या संध्याकाळच्या आकडेमोडीत असतं. खोलीची रुंदी ३६५८ मिमी. चारही बाजूंनी १२ मिमी फट सोडायची, म्हणजे फळ्यांसाठी ३६३४. भागिले १९० केलं तर १९ ओळी आणि वर फक्त २४ मिमी. सरळ एका भिंतीकडून सुरुवात केली असती तर शेवटची ओळ दोन बोटांपेक्षाही बारीक चिंधी आली असती. ५० मिमीपेक्षा कमी रुंदीची पट्टी नीट लॉक होत नाही आणि नजरेला खुपते. म्हणून मध्ये १८ पूर्ण ओळी आणि उरलेले २१४ मिमी दोन्ही कडांना वाटून पहिली ओळ १०७ मिमीला चिरली. खोलीचं दुसरं टोक १८ मिमीने अरुंद निघालं, लातूरच काय कुठल्याच घराचा गुण्या, म्हणजे काटकोन, जुळत नाही, त्यामुळे शेवटची ओळ १०७ वरून ८९ वर निमुळती कापावी लागली. कपाटाच्या बाजूला आली ती, कुणाला दिसत नाही.

खाली २०० मायक्रॉनचं पॉलिथिन, जोडाला २०० मिमी चढवून टेप मारलेलं, त्यावर २ मिमी फोम. जमिनीतली ओल नसली तरी स्लॅबवर पॉलिथिन टाकतोच. वरच्या बाथरूमच्या पाइपला कधी काय होईल सांगता येत नाही. गोंद, खिळे काहीच नाही, फरशी तरंगती. पूर्ण गोंदाने चिकटवली की पायाखाली भरीव वाटते हे खरं, पण इथे टाइल घासून खरबरीत करावी लागली असती आणि पुढे कधी काढायची तर फोडूनच. तरंगतीला थोडा टकटक आवाज येतो. तो मी आधीच ऐकवतो, म्हणजे नंतर तक्रार नको.

फळ्या खिडकीच्या उजेडाच्या दिशेने. तीन-चार पेट्या एकदम उघडून आलटून पालटून घेतल्या, कारण एका पेटीत छटा एकसारखी येते आणि मग खोलीत ठिगळं दिसतात. पहिल्या ओळीचा उरलेला तुकडा दुसऱ्या ओळीची सुरुवात; असं करत गेलं की शेजारच्या ओळींचे सांधे आपोआप ४४० मिमीच्या आसपास सरकतात, किमान ३०० हवेत. चौथ्या ओळीअखेर जेमतेम १२८ मिमीचा तुकडा उरला. सुतार तो लावायला निघाला होता. तो बाजूला टाकून पाचवी ओळ नव्या फळीने सुरू केली. हातोडी फळीवर थेट मारायची नाही, मध्ये ठोकळा. स्कर्टिंग भिंतीला, फरशीला नाही. बाल्कनीच्या दाराशी उंचीतला फरक झाकणारी रिड्यूसर पट्टी, तिचे स्क्रू टाइलमध्ये. एवढं केलं आणि येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या, आत काम हातावेगळं झालं. लातुरात येळवशीला माणूस शेतात असतो, साइटवर कुणी भेटत नाही.

कूलर

ही गोष्ट कंपनीच्या कागदावर सहसा सापडत नाही. खोलीच्या खिडकीत डेझर्ट कूलर होता. मेमध्ये तो सुरू झाला की खोलीतली आर्द्रता ६०-७० वर, बंद केला की काही तासांत पुन्हा २५. रोज एवढा झोका, वर जाळीतून उडणारे तुषार थेट फळीवर. एसी लावायचं ठरलं तेव्हा मालकांना भीती की एसीने हवा कोरडी पडून लाकूड तडकेल. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हिशोब उलटा आहे. बाहेरची ४० अंशांची, २० टक्क्यांची हवा २६ अंशांवर आणली की तीच हवा ४० टक्क्यांच्या आसपास दाखवते. पाणी तेवढंच, हवा थंड झाली इतकंच. लाकडाला तो आकडा मानवतो. कूलर जिन्याच्या पॅसेजमध्ये गेला.

पुढच्या मेमध्ये जाऊन पाहिलं. नवरा-नवरी पुण्यात, खोली बंद, एसी बंद. बाल्कनीजवळच्या काही आडव्या सांध्यांत पोस्टकार्ड जाईल न जाईल एवढी फट होती. ऑगस्टात ती मिटली, स्कर्टिंगखालची मोकळी जागा थोडी कमी झाली, उचल कुठेही नाही. बिछान्याजवळच्या छोट्या गालिच्याखाली लाकूड मूळच्या रंगाचं राहिलं आणि बाजूचं उन्हाने पिवळसर झालं; गालिचा अधूनमधून सरकवायला सांगितलं. कामवाल्या मावशी फिनेलच्या पाण्याने ओलं पोतं फिरवत होत्या. मालकीण वहिनींनी आता घट्ट पिळलेलं फडकं दिलंय.

नववी पेटी न उघडता त्याच खोलीतल्या पलंगाखाली, आडवी ठेवली आहे. तळघरात किंवा गच्चीच्या खोलीत नाही, कारण बदलायची वेळ आली तर ती फळी या खोलीच्याच हवेत वाढलेली असावी. आणि तीच छटा चार वर्षांनी बाजारात मिळेल याची खात्री दुकानदारही देत नाही.

हौदाला आतून वॉटरप्रूफिंग झालं, पाणी आता रेघेवर थांबतं. बैठकीत प्लास्टिक पुन्हा लावलं. उत्तरेचा कोपरा अजून थोडा घामेजतो, भराव सुकायला वेळ घेतो. एकदा पावसाळ्यात आणि एकदा उन्हाळ्यात तो कोरडा निघाला, तर मालकांना मार्केट यार्डातल्या गादीसारखा लाकडी चौथरा तिथे हवा आहे, खोलीच्या एका बाजूला, सहा बाय दहा फुटांचा, खाली हवा खेळती ठेवून. आईंची त्याला हरकत नाही, त्यावर बादली ओतायची नसल्यामुळे.